शब्दकार्डावरचा क्यूआर कोड : बनवायचा कसा, अडतो कुठे

अकोट-तेल्हाऱ्याकडच्या पहिलीतल्या मुलाला घरी ‘पऱ्हाटी’ ऐकू येते, पुस्तकी मराठीत तीच ‘कपाशी’ होते. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, अंतर याहून मोठे : अनेक मुलांच्या घरी कोरकू, शाळेत मराठी. चित्राच्या कार्डाला घरचा आवाज जोडता आला, तर मूल ओळखीच्या शब्दावरून नव्या शब्दाकडे जाते. ही जोडणी क्यूआर कोडने होते आणि ती आपण स्वतः करू शकतो.

क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत लिहिलेला मजकूर, बहुतेक वेळा एखादा इंटरनेटवरचा पत्ता. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने तो 1994 मध्ये मोटारींच्या सुट्या भागांसाठी बनवला. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो पाठ्यपुस्तकात आणला. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले.

नवे बनवण्याआधी पुस्तकातलाच कोड वापरून पाहावा. तो ‘दीक्षा’ ॲपमधून स्कॅन करायचा. छपाई पुसट असेल तर कोडखालची सहा अक्षरे-अंक ॲपमध्ये टाइप केले तरी चालतात. रेंज असलेल्या ठिकाणी साहित्य डाउनलोड करून ठेवले, की वर्गात नेट लागत नाही.

आता आपले कार्ड. पहिले काम आवाजाचे. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आजीला विचारून, तिच्या संमतीने, मोबाइलवर बोलते करावे : पऱ्हाटी, बोंड, सरकी, वेचणी. मागून गुरुजींनी किंवा बाईंनी शाळेतला शब्द म्हणावा. अर्धा मिनिट पुरे. मुलांची नावे आणि फोटो यात घालू नयेत. लिंक कुणाच्याही हाती पडू शकते.

ही फाइल गूगल ड्राइव्हवर चढवायची आणि तिची लिंक, म्हणजे पत्ता, घ्यायची. सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. नवी फाइल फक्त आपल्यालाच उघडता येते. आपल्या फोनवर कोड छान चालतो आणि पालकांच्या फोनवर ‘परवानगी मागा’ असे येते. म्हणून शेअरिंगमध्ये जाऊन ‘लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल’ असा पर्याय निवडावा. मग दुसऱ्याच्या फोनवर, दुसऱ्या खात्यातून, उघडून पाहावे. हे न करता कार्डे छापू नयेत.

कोड बनवायला क्रोममध्ये ती लिंक उघडून ‘शेअर’ दाबावे. तिथे क्यूआर कोडचा पर्याय असतो. इंटरनेटवरच्या फुकट संकेतस्थळांबाबत सावध राहावे. त्यांतली काही आपल्या फाइलचा पत्ता स्वतःच्या पत्त्याआड ठेवतात आणि मुदत संपली की कोड बंद पाडतात. स्कॅन केल्यावर आपल्या फाइलऐवजी त्या संकेतस्थळाचा पत्ता दिसला, तर तो कोड घेऊ नये.

मेळघाटात जिथे नेटच नाही, तिथे लिंकऐवजी थेट मजकूर कोडमध्ये भरता येतो. आवाज मात्र मावत नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, कानामात्रासुद्धा, रोमन अक्षराच्या तिप्पट जागा घेते. मजकूर वाढला की ठिपके बारीक होतात आणि साध्या फोनला वाचता येत नाहीत. आठ-दहा शब्दांचे कोडे ठीक. स्कॅनर नेटशिवाय चालतो ना, तेवढे आधी तपासावे.

छापताना मापाचा साधा हिशेब : जितक्या अंतरावरून स्कॅन करायचे, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी कोडची बाजू. हातातल्या कार्डासाठी तीन सेंटिमीटर, दोन मीटरवरच्या भिंतीसाठी वीस.

तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांवरून कॅमेरा कोड ओळखतो. त्यामुळे शोभेसाठी त्यांच्यावर फुले काढू नयेत, भोवतीची पांढरी पट्टीही कापू नये. ठिपके काळे, कागद पांढरा. मधला थोडा भाग मळला तरी चालते, कारण गेलेली माहिती भरून काढण्याची सोय कोडमध्येच असते; सर्वांत जास्त सोय ठेवलेल्या कोडमध्ये सुमारे 30 टक्के नुकसान सोसले जाते. झेरॉक्सची झेरॉक्स मात्र टाळावी. लॅमिनेशन चकाकत असेल तर कार्ड थोडे तिरके धरावे किंवा खिडकीपासून दूर न्यावे.

वर्गात फोन बहुधा एकच, गुरुजींचा. चार-पाच मुलांचा गट करावा, एकाने स्कॅन करावे, बाकीच्यांनी ऐकून शब्द म्हणावा आणि पाटीवर लिहावा. फोन पुढच्या गटाकडे गेला, की या गटाने त्याच चित्रावर बोलावे. घरी कार्ड देताना पालकांकडे स्मार्टफोन आहे असे धरून चालू नये. ज्यांच्याकडे नाही त्यांच्या मुलांना शाळेतच दुसऱ्यांदा ऐकवावे. नाहीतर ज्याला सर्वांत जास्त गरज, तेच मूल मागे राहते.

कोणत्या कार्डामागे कोणती फाइल, याची यादी वहीत ठेवावी. ड्राइव्ह साफ करताना फाइल पुसली गेली, की कार्ड मुके होते आणि कोणते ते कळत नाही. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात. त्याआधी एका दुपारी बसून सगळी कार्डे पुन्हा स्कॅन करून घ्यावीत.