प्रौढांच्या मनातील पूर्वग्रह : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखाद्या समाजातली सगळी माणसे एकाच स्वभावाची असतात, ही झाली ठोकळेबाज समजूत. त्या समजुतीपोटी माणसाची ओळख होण्याआधीच त्याच्याविषयी मनात बसलेली अढी म्हणजे पूर्वग्रह. प्रौढांना हा विषय शिकवताना पहिला अडसर येतो तो ‘पूर्वग्रह वाईट माणसांच्या मनात असतात’ या समजाचा. माणसांची गटवारी करणे ही मनाची नेहमीची रीत आहे आणि पूर्वग्रह तिच्यातूनच वाढतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले. भल्या माणसांचीही त्यातून सुटका नसते.

‘इतके लोक म्हणतात, म्हणजे काहीतरी तथ्य असणारच’ हा समज अधिक चिवट आहे. महाराष्ट्रात त्याची मोठी झळ पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींना बसली. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ब्रिटिश सरकारने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्यामागे पोलीस हजेरी लावली आणि सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणाआड वसवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, पण संशय मागे राहिला. चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालांची झडती होते. ज्यांच्यावर नजर जास्त, त्यांची नावे दप्तरात जास्त. आणि पुढे तेच दप्तर पुरावा म्हणून दाखवले जाते. शिक्का आधी आला आणि ‘तथ्य’ त्याच्यामागून तयार झाले, हा क्रम शिकणाऱ्यांपुढे तारखांसह मांडणे फार आवश्यक आहे.

तरीही नुसत्या माहितीने अढी सुटत नाही. ‘तो एक चांगला, बाकीचे तसेच’ अशी पळवाट प्रौढ माणूस सहज काढतो. म्हणून या वयात मते बदलतच नाहीत, असे मात्र नव्हे. अमेरिकेत मायामी येथे कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन तृतीयपंथीयांविषयी सुमारे दहा मिनिटे संवाद साधला. आपण वेगळे आहोत म्हणून कोणी आपल्याला कमी लेखले तो प्रसंग आठवा, असे त्यांनी लोकांना सुचवले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कमी झालेली अढी तीन महिन्यांनंतरही कमीच आढळली. उपदेशापेक्षा स्वतःच्या आठवणीला हात घालणे येथे उपयोगी पडले.

‘वेगवेगळ्या लोकांना एकत्र बसवले की झाले’ हेही अर्धसत्यच. ऑलपोर्ट यांनी सहवासासाठी समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य आणि अधिकारस्थानाचा पाठिंबा अशा अटी सांगितल्या होत्या. अर्थशास्त्रज्ञ मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात १,२६१ तरुणांवर क्रिकेट सामन्यांतून प्रयोग केला आणि २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच संघात खेळलेल्या वेगवेगळ्या जातींच्या मुलांची मैत्री वाढली. समोरासमोरच्या संघांत खेळल्याने मात्र जातींपलीकडचा व्यवहार एकंदरीत घटला. तेव्हा वर्गात गट पाडायचे तर ते मिश्र असावेत, आणि स्पर्धेऐवजी एकच काम सर्वांनी मिळून पार पाडावे.

एक दिवसाची कार्यशाळा पुरेशी असते, ही संस्थांची आवडती समजूत आहे. नकळत असणाऱ्या पूर्वग्रहांवरील ४९२ अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. असे पूर्वग्रह मोजणाऱ्या चाचण्यांतील गुण थोडे बदलले तरी वागणूक त्या प्रमाणात बदलत नाही, असे त्यात दिसले. म्हणून प्रशिक्षणाला कामकाजाच्या नियमांची जोड लागते : मुलाखतीत प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न विचारायचे आणि गुणांकनाचे निकष आधीच लिहून ठेवायचे.