पडद्यावरच्या दोन ओळी

जपानमधील सानरिझुका येथील शेतकऱ्यांनी विमानतळासाठी जमीन देण्याचे नाकारले. शिन्सुके ओगावा यांनी त्यांच्यातच राहून १९६८ पासून त्या लढ्याचे माहितीपट काढले. पण शेतकऱ्यांची रांगडी बोली परदेशी प्रेक्षकास कशी उमगावी? पडद्याच्या तळाशी अनुवादाच्या दोन ओळी उमटतात व क्षणात पुसल्या जातात. बरेचसे बोलणे गळते.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापक आबे मार्क नॉर्न्स यांनी जपानी माहितीपटांबरोबर या ओळींचाही कसून अभ्यास केला. अनुवादक परकी भाषा घासून गुळगुळीत करतात आणि गळलेले लपवितात, असे त्यांनी १९९९ मध्ये लिहिले. आरोप कडक खरा, पण खोटा नव्हे. २००७ साली त्यांचे दोन ग्रंथ निघाले : एक ओगावांवर, दुसरा चित्रपटांच्या अनुवादावर.