ऐकावे जनाचे, पण कोणत्या जनाचे?

दोन पेल्यांचा एक प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी आपल्याच स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाहिला असेल. जलशुद्धीकरण यंत्र विकण्यास आलेला तरुण एका पेल्यात आपल्या नळाचे पाणी घेतो, दुसऱ्या पेल्यात सोबतच्या बाटलीतले. दोहोंत धातूच्या कांड्या बुडवतो आणि बटण दाबतो. पाहता पाहता नळाचे पाणी आधी पिवळट, मग विटकरी आणि अखेरीस गटारासारखे गढूळ होते. बाटलीतले मात्र जसेच्या तसे राहते. “हेच पाणी आपली मुले रोज पितात,” एवढे एकच वाक्य तो बोलतो आणि घरातली आजीसुद्धा गप्प होते.

वास्तविक तो विटकरी रंग पाण्यात नसतोच. पाण्यात विरघळलेले क्षार असले की त्यातून वीज वाहते, कांडीतले लोखंड झिजते आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज जेमतेम वाहते, म्हणून तो पेला स्वच्छ दिसतो. उत्तम विहिरीचे निर्दोष पाणी घेतले तरी हाच तमाशा होईल. आपले पाणी चांगले की वाईट, याविषयी हा प्रयोग काहीच सांगत नाही.

बुलढाण्यात आमच्या घरी हा प्रयोग झाला, तेव्हा शाळेत शिकलेले हे विज्ञान मला आठवले नाही. तरीही मी लगेच पैसे काढून दिले नाहीत, याचा त्या वेळी थोडा अभिमानच वाटला होता. अपरिचित वस्तू घेण्यापूर्वी ती वापरणाऱ्याला विचारावे, हा आपल्या घराघरांतला जुना शिरस्ता. त्याप्रमाणे मी संग्रामपूर तालुक्यातील मावसभावाला फोन केला. त्याच्याकडे दोन वर्षांपासून आरओ यंत्र होते. तो म्हणाला, “दादा, डोये झाकून घे. आमची तं चहाची चवच बदलली.” मी डोळे झाकले आणि घेतले.

मावसभाऊ खरेच बोलला होता. चूक माझ्या प्रश्नात होती.

आपला जिल्हा ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ अशा दोन भागांत बोलला जातो, हे येथील वाचकांना सांगायला नको. हा भेद केवळ बोलीचा किंवा सोयरिकीचा नाही. तो पाण्याचाही आहे. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतील अनेक गावे त्यात येतात. तेथील भूजलात मुळातच क्षार अधिक. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. बुलढाणा शहराला मात्र पैनगंगेवरील येळगाव धरणाचे पाणी मिळते. एकाच जिल्ह्यात राहणारी दोन भावंडे दोन निराळी पाणी पीत होती आणि एकाच्या अनुभवावर दुसऱ्याने खरेदी केली.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या एकूण घटकांचे, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘टीडीएस’ म्हणतात त्याचे, प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानले आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येते. आरओ यंत्र मुख्यतः हे विरघळलेले क्षार काढण्यासाठी आहे. दाब देऊन पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ढकलायचे. क्षार मागे राहतात आणि उरलेल्या पाण्यासोबत नळीतून बाहेर जातात. घरगुती यंत्रांत, विशेषतः जुन्या, हे बाहेर जाणारे पाणी शुद्ध पाण्याच्या तिप्पटही असू शकते. ज्यांच्याकडे गोडे पाणीच नाही, त्यांना ही किंमत मोजावी लागते. आमच्या नळाचे पाणी मी पुढे मोजून पाहिले, तेव्हा आकडा ३०० च्या आसपास निघाला. म्हणजे ज्या शहरात नळाची वाट पाहावी लागते, तेथे मी साठवलेले चांगले पाणी मोरीत सोडत होतो आणि वर बेचव पाणी पीत होतो. धरणाच्या पाण्यात खरी चिंता जंतूंची. त्यासाठी ते गाळून उकळणे किंवा अतिनील किरणांचे साधे यंत्र पुरले असते. उलट खारपाणपट्ट्यात उकळण्याचा सल्ला अपुरा पडतो, कारण उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत.

तेव्हा वाचकहो, अनुभव विचारावा. पण प्रथम त्या माणसाची परिस्थिती आपल्यासारखी आहे का, हे विचारावे. पाण्याच्या यंत्राबाबत त्याचे पाणी, गादीबाबत त्याचे वजन आणि पाठीचे दुखणे, विजेच्या शेगडीबाबत त्याच्या गावातील भारनियमन आणि घरातली भांडी.

दुसरी एक मर्यादा आपल्या जिल्ह्याने अलीकडेच फार जवळून पाहिली. २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस झपाट्याने गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडे. लहान मुले, तरुण मुली, वृद्ध, कोणीही सुटले नाही. ‘तुमच्याकडेही असेच होते आहे का?’ हा प्रश्न घराघरांतून विचारला गेला, म्हणूनच हे एका घराचे दुखणे नाही, हे लवकर उमगले आणि आरोग्य विभागाची पथके गावांत पोहोचली. अनुभवांची देवाणघेवाण किती मोलाची असते, याचे याहून ठळक उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

परंतु कारण कोणते? कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शाम्पूला, कोणी बुरशीला. पाण्याच्या नमुन्यांत नायट्रेट जास्त आढळले, त्यामुळे पाण्यावरचा संशय बळावला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यात असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही गावांना भेट देऊन रक्त, लघवी, केस आणि गहू यांची तपासणी करवली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला निष्कर्ष मांडला: दोष स्वस्त धान्य दुकानातून आलेल्या गव्हातील सेलेनियमचा. ज्या पोळीविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती, तीच त्यांच्या तपासणीत संशयित ठरली. शेजाऱ्याचे ऐकून एखाद्याने त्या दिवसांत महागडा शाम्पू किंवा यंत्र घेतले असते, तर त्याचा पैसा गेला असता आणि गहू ताटात तसाच राहिला असता.

माणूस आपल्याला काय झाले हे बहुधा नीट सांगू शकतो. का झाले, हे सांगताना तो अंदाज करतो. ‘चुंबकाची गादी घेतली आणि गुडघे थांबले’ या वाक्याचा पूर्वार्ध खरा असेल, उत्तरार्धही खरा असेल; मधले ‘आणि’ तेवढे तपासून घ्यावे लागते. गुडघ्याचे दुखणे ऋतूनुसार, कामानुसार स्वतःहूनही कमी-जास्त होते. रोग बरा झाल्याची ग्वाही ऐकली की खरेदी थांबवून डॉक्टरांना विचारावे. पाण्याबाबत शंका असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा. विक्रेत्याच्या खिशातले टीडीएस मीटर पाण्यात नायट्रेट किती, फ्लोराइड किती, जंतू आहेत की नाहीत, हे वेगळे करून सांगत नाही.

मग शेजाऱ्याला विचारावे तरी काय? त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नसते ते. वस्तू बिघडली तेव्हा दुरुस्तीला माणूस किती दिवसांनी आला आणि खामगावहून आला की अकोल्याहून, वर्षाकाठी वरखर्च किती, आवाज किती, धुण्यापुसण्याचा त्रास कोणाला. हा शेवटचा प्रश्न घरातील ज्या हातांना ती वस्तू रोज हाताळावी लागते, त्यांनाच विचारावा. पैसे मोजणारा आणि वापरणारी यांची उत्तरे निराळी येतात, हा माझा अनुभव आहे. ‘कशी आहे?’ असे विचारले की बहुतेक जण ‘छान आहे’ म्हणतात. वीस हजार खर्चून फसलो, असे चारचौघांत कोण म्हणेल? त्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात किती वेळा वापरली?’ असे विचारून पाहावे. व्यायामाच्या किती सायकलींवर टॉवेल वाळतात, ते लगेच कळेल. आणि शक्य तर खरेदीला वर्ष झालेल्याला विचारावे. पहिल्या महिन्यात प्रत्येक वस्तू नवरीसारखी असते.

एक प्रश्न अवघड, पण टाळू नये: ‘मी घेतली तर तुला काही मिळणार आहे का?’ साखळी पद्धतीने माल विकणाऱ्या योजनांत आपली वहिनी, आपले गुरुजी, आपल्या भिशीतील मैत्रीण हेच विक्रेते असतात. त्यांचा अनुभव खोटाच असेल असे नाही. मात्र तो विक्रीचा भाग असतो. अशा वेळी नात्याची भीड पडते, हे मान्य. ती भीडच त्या योजनेचे भांडवल असते.

आपल्याकडे याचे चांगले रूपही आहे. १९७५ पासून कार्यरत असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदीची पद्धत रुजवली. माल खराब निघाला तर तो एका घराचा गुपचूप तोटा राहत नाही. गटात बोलला जातो. आपल्या भिशीत, बचत गटात, कॉलनीत महिन्याला एकदा अशा गप्पा मुद्दाम झाल्या तर खर्च काहीच नाही. वस्तूवर आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो. फसवणूक झालीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पावती मात्र हवी.

आमचे यंत्र पुढे वर्षभर भिंतीवर लटकले. मग ते नांदुऱ्याच्या बहिणीकडे दिले. तिच्या बोअरचे पाणी तपासले होते. तेथे ते उपयोगी पडते आहे. मागील आठवड्यात तिचा फोन आला. आतला मेम्ब्रेन बदलावा लागणार, आणि खर्च ऐकून तिला धक्का बसला होता. मी मावसभावाला विचारले, तर तो म्हणाला, त्याने तर दोनदा बदलला. मला आधी का सांगितले नाही, असे म्हटल्यावर तो हसला.

“तू इचारलंच कुठं, दादा?”