एका धर्माची शाळा, साऱ्या जगाचे शिक्षण

ख्रिस्ती शाळा म्हटले की मुंबई-पुण्याच्या वाचकाला कॉन्व्हेंट आठवते. इंग्रजी माध्यम, कडक शिस्त आणि प्रवेशासाठी पालकांची धडपड, असे ते चित्र असते. इंग्लंडमध्ये मात्र या शब्दांचा अर्थ बराच निराळा आहे. तेथे चर्च ऑफ इंग्लंडच्या साडेचार हजारांहून अधिक शाळा असून त्यांतील बहुसंख्य प्राथमिक आहेत. सरकारी खर्चाने चालणाऱ्या प्राथमिक शाळांपैकी साधारण दर चौथी शाळा या चर्चशी संलग्न आहे. या शाळांत शुल्क नसते आणि शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात. त्यामुळे नोकरीनिमित्त स्लाउ वा हॅरो परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला घराजवळची शाळा शोधताना अशा शाळेचा विचार अनेकदा करावाच लागतो. 'ख्रिस्ती मूल्ये' आणि 'जागतिक दृष्टी' हे दोन्ही शब्द शाळेच्या माहितीपत्रकात शेजारी शेजारी छापलेले असतात. ते एकत्र नांदतात कसे, हा पालकांपुढचा खरा प्रश्न असतो.

धूळपाटीचे ऋण

या शाळांचा उगम सरकारच्या आधीचा आहे. गरिबांच्या मुलांना चर्चच्या तत्त्वांनुसार शिक्षण देण्यासाठी १८११ मध्ये 'नॅशनल सोसायटी' स्थापन झाली. तिने स्वीकारलेली अध्यापन पद्धती 'मद्रास पद्धती' या नावाने ओळखली जात असे. अँड्र्यू बेल हे धर्मोपदेशक अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमधील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचे प्रमुख होते. तेथील देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली, आणि थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे अशी व्यवस्था आपल्या आश्रमात लावली. आपल्याकडील पंतोजींच्या शाळांतील धूळपाटी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. मोजक्या शिक्षकांत शेकडो मुलांना शिकवण्याची ही युक्ती इंग्लंडच्या चर्च शाळांनी उचलली. म्हणजे या शाळांचा जगाशी असलेला संबंध आजच्या फॅशनमधून आलेला नाही; तो त्यांच्या जन्मापासूनचा आहे.

सरकारने शाळांच्या इमारतींसाठी पहिले अनुदान १८३३ मध्ये दिले. ते २० हजार पौंडांचे होते आणि चर्चच्या व अन्य पंथीयांच्या अशा दोन संस्थांमार्फत वाटले गेले. १८७० च्या कायद्याने सार्वजनिक शाळांचे जाळे उभे राहू लागले. त्याच कायद्याने पाल्याला धर्मशिक्षणातून वगळण्याचा हक्क पालकांना मिळाला. १९४४ च्या कायद्याने चर्च शाळांना राष्ट्रीय व्यवस्थेत दोन प्रकारे सामावून घेतले. 'नियंत्रित' शाळेत स्थानिक प्रशासनाचा अधिकार अधिक असतो, तर 'अनुदानित' शाळेत चर्चचा. अनुदानित शाळेला इमारतीच्या भांडवली खर्चातील साधारण दहावा हिस्सा स्वतः उचलावा लागतो. प्रवेश आणि धर्मशिक्षण यांबाबतचे स्वातंत्र्य तिला त्या बदल्यात लाभते.

मूल्ये वर्गात कशी येतात?

अशा शाळेत दर सत्रासाठी बहुधा एक मूल्य ठरवले जाते. करुणा, क्षमा, चिकाटी, कृतज्ञता, न्याय अशी ही मूल्ये असतात. सकाळच्या सामूहिक उपासनेत त्या मूल्याशी जोडलेली बायबलमधील गोष्ट सांगितली जाते. उदाहरणार्थ, चांगल्या शोमरोन्याची कथा. लुटारूंनी जखमी केलेल्या वाटसरूला धर्मगुरू ओलांडून जातो आणि ज्याला परका म्हणून हिणवले जाते तो शोमरोनी त्याची शुश्रूषा करतो. शेजारी कोणाला म्हणावे, हा त्या कथेतला प्रश्न आहे. नऊ देशांतील मुले एका बाकावर बसलेल्या वर्गात तो प्रश्न पुस्तकी उरत नाही.

चर्च ऑफ इंग्लंडने २०१६ मध्ये शिक्षणविषयक आपली भूमिका नव्याने मांडली. तिची चार सूत्रे शहाणपण, आशा, समुदाय आणि प्रतिष्ठा ही आहेत. आपल्या शाळा केवळ ख्रिस्ती मुलांसाठी नसून साऱ्या समाजाच्या हितासाठी आहेत, असे त्यात आग्रहाने म्हटले आहे. शाळेचा शैक्षणिक दर्जा ऑफस्टेड ही सरकारी यंत्रणा तपासते. शाळा या धार्मिक भूमिकेला जागते की नाही, याची तपासणी चर्चतर्फे स्वतंत्रपणे होते.

जागतिक दृष्टी म्हणजे काय?

धर्मशिक्षणाच्या तासाला ख्रिस्ती धर्माचा वाटा मोठा असला, तरी हिंदू, इस्लाम, शीख, ज्यू आणि बौद्ध धर्मांची ओळख करून देणे अपेक्षित असते. त्यामुळे दिवाळी हा तेथील प्राथमिक वर्गांत परिचित विषय आहे. काही शाळा याहून पुढे जाऊन 'इंटरनॅशनल प्रायमरी करिक्युलम' हा २००० मध्ये आलेला अभ्यासक्रम वापरतात. त्यात एकेका विषयसूत्राभोवती अनेक विषय गुंफलेले असतात. चॉकलेट हे त्यांतील एक सूत्र. मुले कोकोचा इतिहास शिकतात, चॉकलेट कोणत्या तापमानाला वितळते ते पाहतात आणि जगातील कोकोचा सर्वांत मोठा वाटा पिकवणारे आयव्हरी कोस्ट व घाना नकाशावर शोधतात. मग प्रश्न येतो तो दामाचा. शेतकऱ्याच्या हाती वडीच्या किमतीतले किती पडते? येथे भूगोलाचा धडा आणि 'न्याय' हे सत्राचे मूल्य एकमेकांना भेटतात.

परदेशी शाळांशी भागीदारी हा दुसरा मार्ग. ब्रिटिश कौन्सिलने अशा कामासाठी १९९९ मध्ये 'इंटरनॅशनल स्कूल अवॉर्ड' सुरू केले आणि भारतातील अनेक शाळांनीही ते मिळवले. मात्र या मार्गात एक खड्डा आहे. इंग्लंडमधील मुलांनी केक विकून पैसे जमवायचे आणि आफ्रिकेतील शाळेने आभाराचे पत्र धाडायचे, एवढ्यावर संबंध थांबला तर मुले जगाविषयी एकच गोष्ट शिकतात, ती म्हणजे आपण देणारे आणि ते घेणारे. दोन्ही वर्गांनी एकच प्रयोग करून निष्कर्ष ताडून पाहिले, तर धडा वेगळा मिळतो. वर्षातून एकदा झेंडे लावून परदेशी पदार्थ खाण्याच्या कार्यक्रमालाही हेच माप लावावे.

ताण कोठे आहे?

शाळेत जागा कमी आणि अर्ज अधिक असले की अनुदानित चर्च शाळेला धर्माच्या आधारे प्राधान्य देता येते. २०१० च्या समता कायद्याने ही सवलत कायम ठेवली आहे. परिणामी प्रवेशापुरते चर्चला जाणारे पालक हा तेथे चर्चेचा नेहमीचा विषय आहे. दुसऱ्या बाजूला, कित्येक चर्च शाळा असे प्राधान्य देतच नाहीत, आणि काही शहरी वस्त्यांतील चर्च शाळांत बहुसंख्य मुले मुस्लिम आहेत. दार उघडे आहे की नाही, हे माहितीपत्रकातील मूल्यांच्या यादीपेक्षा प्रवेशाच्या नियमांवरून अधिक स्पष्ट कळते.

उपासनेबाबत भारताशी तुलना उद्बोधक ठरेल. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीखेरीज धर्मशिक्षण वा उपासना यांत सहभागी करता येत नाही. इंग्लंडमध्ये उपासना आधीच दिनक्रमात असते आणि नको असेल तर पालकाने तसे कळवावे लागते. फरक वरवर कागदी वाटतो. पण आपले मूल रोज सर्वांपासून वेगळे बसेल, या भीतीने अनेक पालक तो हक्क बजावत नाहीत. भार कोणी उचलायचा, संस्थेने की कुटुंबाने, हे त्या एका नियमाने ठरते.

म्हणूनच अशी शाळा निवडताना पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. प्रवेशाचे निकष काय आहेत? उपासनेच्या वेळी बाहेर राहणारे मूल काय करते? आणि परदेशी भागीदार शाळेकडून येथील मुले काय शिकतात? स्वतःच्या श्रद्धेत खोल रुजलेली शाळा इतरांना निःसंकोच जागा देऊ शकते, हा या शाळांचा दावा आहे. अनेक वर्गांत तो खरा ठरतो. पण तो प्रत्येक शाळेला नव्याने सिद्ध करावा लागतो, आणि त्याची पहिली परीक्षा वर्गातील वेगळ्या धर्माचे मूल घेत असते.