खांद्याचा हिशोब दुसऱ्या दिवशी सकाळी

सोमवारी संध्याकाळी जिममध्ये बेंच रिकामा मिळणं कठीण. सोमवार म्हणजे चेस्ट डे, हा अलिखित नियम. त्या गर्दीत एक जण असा असतोच, जो सेट संपला की उजवा खांदा गोल फिरवतो, तोंड वाकडं करतो आणि पुन्हा बारखाली आडवा होतो. विचारलं तर म्हणतो, ‘‘गरम झाला की मोकळा होतो.’’ रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, शर्टाच्या बाहीत हात घालताना कळ येते, हे तो ट्रेनरला सांगत नाही. अगदीच असह्य झालं की पंधरा दिवस सुट्टी. दुखणं थांबतं. तो परत येतो, आधीच्याच प्लेट लावतो, आणि तिसऱ्या सेटला कळ हजर.

दुखणं थांबलं म्हणजे खांदा बरा झाला, असं आपण धरून चालतो. पण स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा विश्रांतीनं फक्त शांत होते. तिला बळ येतं ते ताण पडल्यावर, आणि तेही हळूहळू. स्नायू आठवड्यांत बदलतो, कंडरेला महिने लागतात. पंधरा दिवसांच्या सुट्टीत तिची सोसण्याची ताकद उलट घटलेली असते आणि वजन मात्र तेवढंच असतं.

खांद्याची रचनाही या दुखण्याला अनुकूल. दंडाच्या हाडाचा माथा मोठा, त्याला आधार देणारी फऱ्याची वाटी उथळ. म्हणून हात चौफेर फिरतो, आणि म्हणूनच माथा वाटीत धरून ठेवायचं काम मुख्यतः चार लहान स्नायूंवर येतं: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. समोरच्या आरशात यातला एकही दिसत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी कुणी वार राखून ठेवत नाही.

डॉक्टरांचीही या दुखण्याबाबतची समजूत गेल्या पन्नास वर्षांत बरीच बदलली. १९७२ मध्ये अमेरिकी शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी मांडलं की हात वर नेताना कंडरा वरच्या हाडाखाली घासते; ते हाड तासून जागा करावी. विचार इतका सरळ होता की ही शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. मग ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींचं हाड खरोखर तासलं, काहींच्या खांद्यात दुर्बीण घालून फक्त पाहिलं, काहींवर काहीच केलं नाही. ‘द लॅन्सेट’मध्ये २०१८ साली आलेला निष्कर्ष असा, की हाड तासलेले आणि नुसते पाहिलेले रुग्ण जवळपास सारखेच सुधारले. काहीच न केलेले किंचित मागे राहिले, पण तो फरकही रुग्णाला फारसा जाणवावा एवढा नव्हता.

एमआरआयच्या अहवालाचंही तसंच. त्यात ‘पार्शल टेअर’ वाचलं की माणूस कायमचा जिम सोडायला निघतो. पण १९९५ च्या एका अभ्यासात खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ जणांचे एमआरआय काढले, तर ३४ टक्क्यांच्या कफमध्ये फाट निघाली. साठीपुढच्यांत हे प्रमाण ५४ टक्के होतं. कित्येकदा ती फाट वयाची असते, पिकलेल्या केसांसारखी. अहवाल आणि दुखणं यांचा मेळ डॉक्टरांनी हात लावून, हात वळवून बघायचा असतो.

मग जिमला जावं की नाही? जावं, मोजूनमापून. फिजिओथेरपिस्ट दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायला सांगतात. व्यायाम करताना तीन-चारपर्यंतची कळ बहुधा चालते, पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. दुखणं पूर्वपदावर असेल तर कालचं वजन बरोबर होतं. वाढलं असेल तर जास्त झालं. रुंद पकडीचा बेंच काही काळ बाजूला ठेवावा. जमिनीवर झोपून डंबेल प्रेस केला तर कोपर जमिनीला टेकून थांबतं आणि खांदा मागे ताणला जात नाही. भिंतीवर किंवा उंच बाकावर हात टेकून केलेल्या पुशअप्सही चालतात. छातीच्या प्रत्येक सेटमागे पाठीचा एक रोइंगचा सेट धरावा, आणि रबर बँडनं हात बाहेर वळवण्याचा तो कंटाळवाणा व्यायाम निदान तीन महिने सोडू नये. आमच्या मते बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. दुखतंय म्हणून कुणी थांबत नाही, बँड हलका आणि दिसायला बायकी म्हणून थांबतात. पाय, कंबर आणि दुसरा हात यांना सुट्टी द्यायचं कारण नाही. एका हाताला व्यायाम दिला की दुसऱ्याचीही ताकद थोडी वाढते, हे येल विद्यापीठात १८९४ मध्येच नोंदलं गेलं आहे.

काही खुणा मात्र घरी बसून सोसायच्या नाहीत. पडल्यावर हात उचलताच न येणं, बोटांपर्यंत मुंग्या, खांद्याचा आकार बदलणं, ताप. किंवा डाव्या खांद्याच्या कळेसोबत धाप आणि घाम, ज्यात आधी हृदय तपासायचं. चाळिशी-पन्नाशीत, विशेषतः मधुमेह असेल आणि दुसऱ्यानं वळवूनही हात बाहेर वळत नसेल, तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. तिथं वजन वाढवण्याचं हे गणित लागू नाही.

बाकीच्यांनी बेंचवर परतताना रिकाम्या बारपासून सुरुवात करावी, कोपरं अंगाच्या थोडी जवळ ठेवावीत. मानेमागून बार दाबण्याचा प्रकार कायमचा सोडला तरी चालेल. त्याशिवाय खांदे भरत नाहीत असं सांगणारा जिममध्ये भेटतोच. त्याला पाठीवर मधोमध सुटलेली खाज स्वतःच्या हातानं खाजवून दाखवायला सांगावं.