आरसा, अपराध आणि जबाबदारी : 'इन्टू द मिरर' व 'मिरर्स' या भयपटांचे तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना :
भयपट हा प्रकार चित्रपटाच्या अभ्यासात बराच काळ उपेक्षित राहिला. पडद्यावर भूत दिसले, प्रेक्षक दचकला, की भयपटाचे कार्य संपले, असा एक समज रूढ आहे. परंतु एकच कथाकल्पना दोन ठिकाणी कशी बदलते हे तपासले असता भयपटातही नीतिविचार असतो, हे ध्यानात येते. दक्षिण कोरियातील दिग्दर्शक किम सुंग-हो यांचा 'इन्टू द मिरर' (२००३) आणि त्यावरून फ्रेंच दिग्दर्शक अलेक्सांद्र आजा यांनी इंग्रजीत केलेला 'मिरर्स' (२००८) यांच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरशाचे भय :
बिंब असेल तरच प्रतिबिंब असते. प्रतिबिंबाला स्वतंत्र इच्छा नसते. हा विश्वास इतका दृढ असतो की आपण त्याचा कधी विचारही करीत नाही. दोन्ही चित्रपट नेमका हाच विश्वास मोडतात. त्यांत प्रतिबिंब स्वतःला इजा करते आणि आरशासमोरच्या माणसाला ती जखम होते. म्हणजे बिंबच प्रतिबिंबाचे अंकित होते.

या भयाचे मूळ पाहणाऱ्यातही असते. इटलीतील मानसशास्त्रज्ञ जिओव्हानी कापुटो यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५० व्यक्तींना मंद प्रकाशात दहा मिनिटे आरशात पाहावयास सांगितले होते. त्यांपैकी ६६ टक्के व्यक्तींना स्वतःचा चेहरा अतिशय विकृत झालेला दिसला. तेथे ना भूत होते, ना शाप; होते ते केवळ पाहणाऱ्याचे डोळे आणि मन.

कोरियन चित्रपट : आरसा हा साक्षीदार :
'इन्टू द मिरर'चा नायक (अभिनेता यू जी-ते) हा पूर्वी पोलीस अधिकारी होता. एका प्रसंगी गुन्हेगार समजून त्याने आरशातील प्रतिमेवर गोळी झाडली आणि त्या चुकीमुळे त्याचा सहकारी प्राणास मुकला. आता तो आगीनंतर पुन्हा सुरू होणाऱ्या एका मोठ्या दुकानात सुरक्षाप्रमुख आहे आणि तेथे आरशांशी संबंधित मृत्यू घडू लागतात. प्रतिमा व वस्तू यांत भेद न करता आल्याने ज्याच्या हातून अनर्थ घडला, त्यालाच आरशांचे गूढ उकलावे लागते. येथे नायकाचा अपराध आणि चित्रपटाचे भय या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. आरसा त्याला त्याच्याच चुकीसमोर पुन्हा पुन्हा उभा करतो.

हॉलिवूडची आवृत्ती : आरसा हे निवासस्थान :
'मिरर्स'मधील नायकही (कीफर सदरलँड) निलंबित पोलीस अधिकारी आहे आणि त्याच्या हातूनही एक सहकारी मारला गेलेला आहे. तो जळालेल्या दुकानात रात्रपाळीचा पहारेकरी आहे. मात्र त्याच्या चुकीचा आरशाशी संबंध उरलेला नाही. ती केवळ पार्श्वभूमी होऊन जाते. आरशांत एक सैतानी शक्ती कोंडलेली असल्याचे पुढे उघड होते आणि संघर्ष नायकाच्या कुटुंबाच्या रक्षणाचा होतो. नायक घरातील आरसे रंगाने झाकतो, तरी पाण्याच्या पृष्ठभागावर प्रतिबिंब पडतेच. हे प्रसंग परिणामकारक आहेत; परंतु भयाचे कारण आता माणसाच्या बाहेर गेले आहे. बाहेरचा शत्रू मारता येतो. स्वतःची चूक मात्र मारता येत नाही, ती मान्यच करावी लागते.

समारोप :
दोन्ही चित्रपटांचा शेवट सारखा आहे. वाचलो असे नायकाला वाटते, परंतु भोवतालची अक्षरे उलटी दिसतात आणि आपण आरशाच्या आत अडकलो आहोत हे त्याला उमगते. 'मिरर्स'मध्ये हा शेवट एक धक्का म्हणून येतो. 'इन्टू द मिरर'मध्ये तोच शेवट न्याय म्हणून येतो, कारण ज्याने प्रतिमेला माणूस मानले तो स्वतःच अखेर प्रतिमा होतो. प्रसंग तोच असूनही त्याचा अर्थ बदलतो, कारण त्याआधी जबाबदारी कोठे ठेवली होती ते वेगळे आहे. रूपांतराचा अभ्यास करताना 'काय बदलले' यासोबतच 'दोष कोणाकडे सरकला' हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. भयपटासारख्या उपेक्षित प्रकारातूनही तो प्रश्न समर्थपणे शिकविता येईल, असे वाटते.