नवीन क्लास सुरू करताय? आधी विचारून तर बघा!

दिल्लीत कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग म्हणजे पूर्वीचा कर्झन रोड. नवीन महाराष्ट्र सदन इथेच असल्याने मराठी माणसाला तो परका नाही. शिवाय हा शिकणाऱ्यांचाही रस्ता आहे. मॅक्सम्युलर भवन, ब्रिटिश कौन्सिल आणि भारतीय विद्या भवन, तिन्ही याच रस्त्यावर.

मॅक्सम्युलर भवनात शिकवल्या जाणाऱ्या जर्मन भाषेचंच उदाहरण घ्या. लग्नानंतर जर्मनीला नवऱ्याकडे जाणाऱ्या मुलीला व्हिसासाठी बहुतेक वेळा 'ए १' ही पहिली पातळी पुरते. तिथे नोकरी करू पाहणाऱ्या नर्सला साधारण 'बी २'पर्यंत मजल मारावी लागते. तिसरी केवळ हौसेनं शिकते. तिघींना 'कोणता क्लास हवा?' असं विचारलं, तर उत्तर एकच, जर्मन. पण 'कशासाठी आणि कधीपर्यंत?' असं विचारलं, की तीन वेगळे क्लास दिसू लागतात.

घरगुती क्लास चालवणाऱ्या मैत्रिणींनी नेमका हाच प्रश्न उचलायला हवा.

हो म्हणणं सोपं असतं

समजा, तुम्ही शिवणाचा क्लास घेता आणि आता केकचाही सुरू करायचा आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलंत, तर पटापट अंगठे उमटतील. 'हो हो, नक्की येऊ' म्हणायला आपल्याकडे पैसे पडत नाहीत. त्या भरवशावर मोठा ओव्हन घेतलात, तर हप्ते मात्र तुम्हालाच भरावे लागतील.

म्हणून मत विचारू नका, सवय विचारा. गेल्या वर्षभरात कोणत्या क्लासला पैसे भरले? तो मध्येच सोडला असेल, तर का? आठवड्यातले कोणते दोन दिवस मोकळे असतात, किती वाजता? पाच-सहा प्रश्न पुरेत. लांबलचक फॉर्म कुणी भरत नाही. सोडून गेलेल्यांनाही आवर्जून फोन करा. त्या जे सांगतील, ते समोर बसलेल्या भिडेपोटी सांगणार नाहीत.

मुलांचा क्लास असेल तर येणारा एक आणि फी भरणारा दुसरा. आईला अबॅकस हवा असतो, मुलाला डान्स. दोघांना वेगवेगळं विचारा, नाहीतर महिनाभरात बाक रिकामे दिसतील.

खरी परीक्षा पैशांची

थोड्या फीमध्ये एक दिवसाचा वर्ग जाहीर करा आणि पैसे आधीच घ्या. ठरवलेल्या तारखेपर्यंत सहा-सात जणी जमल्या नाहीत, तर त्याच दिवशी पैसे परत करा. नाव खराब होत नाही, उलट विश्वास वाढतो.

दिल्लीकरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मे-जूनच्या सुट्टीत मराठी घरांना कुलपं लागतात, सगळे गावाकडे. त्यामुळे ही विचारपूस मार्च-एप्रिलमध्येच उरकून घ्या आणि नवीन बॅच जुलैत शाळा उघडल्यावरच सुरू करा.